पहिलं सॉफ्टवेअर एकटीने लोकांसमोर आणायचंय. तुम्ही कसं आणलंत?

अर्धविराम (धागाकर्ती)

गेले आठ महिने नोकरी सांभाळून एक सॉफ्टवेअर लिहितेय. अनुवादकांसाठी आहे. मोठ्या दस्तऐवजाचं भाषांतर करताना एकाच संज्ञेला दहाव्या पानावर एक प्रतिशब्द पडतो आणि दोनशेव्या पानावर दुसराच. माझं सॉफ्टवेअर मूळ फाइल, भाषांतर आणि अनुवादकाची स्वतःची शब्दसूची ताडून पाहतं आणि असे निसटलेले शब्द दाखवतं. मी स्वतः सहा वर्षं अर्धवेळ अनुवाद केलाय, त्यामुळे दुखणं माझंच आहे.

आता ते नीट चालतंय आणि लोकांपर्यंत न्यायचंय. जाहिरातीला पैसे नाहीत, भागीदार नाही, समाजमाध्यमांवर मला ओळखणारे शंभरेक लोक असतील. जिथे वाचावं तिथे एकच साचा: तारीख ठरवा, प्रॉडक्ट हंटवर (नवी उत्पादनं मांडायची साइट) टाका, दिवसभर कमेंटना उत्तरं देत बसा. माझे अनुवादक तिथे असतील असं मला वाटत नाही.

ज्यांनी एकट्याच्या बळावर पहिलं उत्पादन आणलंय त्यांनी काय केलं आणि काय फसलं, हे जरा सविस्तर सांगाल का? ठोकळेबाज याद्या वाचून झाल्यात.

रात्रपाळी

तुमची शंका रास्त आहे. माझा अनुभव सांगतो.

माझं पहिलं उत्पादन मुलाखतींची ध्वनिमुद्रणं साफ करणारं होतं. पंख्याची घरघर, खुर्चीची करकर वगैरे काढून टाकायचं. नव्या उत्पादनांची यादी लावणाऱ्या एका मोठ्या साइटवर लाँच करायचं म्हणून दीड महिना नुसत्या तयारीत घालवला. लँडिंग पेज चारदा बदललं, व्हिडिओ केला. त्या दिवशी पहाटेपासून बसून होतो. संध्याकाळपर्यंत दीडेक हजार लोक येऊन गेले, ऐंशीच्या आसपास साइनअप झाले. जमलं असं वाटून झोपलो. दोन आठवड्यांनी डेटाबेस उघडला तर स्वतःची फाइल चढवलेले लोक होते सात. आलेले बहुतेक माझ्यासारखेच, दुसऱ्याने पेज कसं केलंय ते बघायला आलेले. मुलाखती घेणारा त्यांत एकही नव्हता.

दोष त्या साइटचा नाही. डेव्हलपरांसाठी किंवा डिझायनरांसाठी काही बनवलं असतं तर माझं गिऱ्हाईक तिथेच बसलेलं होतं.

पुढचे तीन महिने मी काहीच जाहीर केलं नाही. मौखिक इतिहास नोंदवणाऱ्या अभ्यासकांचा एक ईमेल गट आहे, तो नुसता वाचत राहिलो. एकीने विचारलं, जुन्या कॅसेटवरून उतरवलेल्या मुलाखतीत सतत घरघर आहे, काय करू? मी लिहिलं, फाइल पाठवा, बघतो. साफ करून परत पाठवली आणि कुठली सेटिंग्ज वापरली तेही कळवलं. अशा अकरा फाइली झाल्या. त्यांतल्या पाच जणांनी नंतर पैसे भरले, आणि त्यांची नावं मला आजही पाठ आहेत. माझं खरं लाँच ते.

जुनी_खोड

रात्रपाळींशी सहमत. ही पद्धत नवी नाही, हे नव्या मंडळींना कळावं म्हणून थोडा इतिहास.

२५ ऑगस्ट १९९१ ला लिनस टोरवाल्ड्स यांनी मिनिक्स ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्यांच्या न्यूजग्रुपवर, म्हणजे तेव्हाच्या इंटरनेटवरच्या चर्चागटावर, एक संदेश टाकला. एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय, छंद म्हणून, ती काही मोठी होणार नाही, असा त्याचा सूर होता. तीच पुढे लिनक्स झाली. पण त्या संदेशातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. त्यांनी लोकांना विचारलं होतं की मिनिक्समध्ये तुम्हाला काय आवडतं आणि काय आवडत नाही. कोड त्यानंतर काही आठवड्यांनी आला. म्हणजे लोक आधी बोलते झाले आणि सॉफ्टवेअर मागून आलं. शिवाय विचारलं ते नेमक्या त्याच लोकांना, ज्यांच्या संगणकावर मिनिक्स होतं.

दुसरं उदाहरण १९८३ चं. बॉब वॉलेस यांनी पीसी-राइट हा वर्ड प्रोसेसर शेअरवेअर म्हणून आणला. डिस्कची नक्कल काढून मित्राला द्यायला परवानगीच नव्हे, प्रोत्साहन होतं. तुम्ही पैसे भरून नोंदणी केलीत की तुमच्या प्रतीला एक क्रमांक मिळायचा, आणि तुमच्या प्रतीवरून पुढे कोणी नोंदणी केली तर २५ डॉलर तुम्हाला मिळायचे. आज ज्याला रेफरल म्हणतात ते हेच, फक्त फ्लॉपीवर. फाइली ऑनलाइन साठवणाऱ्या ड्रॉपबॉक्सने पुढे दोन्ही बाजूंना जास्तीची जागा देऊन तेच केलं.

डिसेंबर १९९३ मध्ये आयडी सॉफ्टवेअरने डूम हा खेळ आणला तेव्हा पहिला भाग पूर्ण फुकट होता, विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या एफटीपी (फाइली उतरवून घ्यायच्या) सर्व्हरवर ठेवलेला. अर्धवट डेमो नव्हे, एक अख्खा भाग. खेळून झालं की पुढचे भाग विकत घ्यावेसे वाटायचेच.

तेव्हा अर्धविराम, तुमच्या सॉफ्टवेअरमधून बाहेर काय पडतं? एखादा अहवाल? तो अनुवादक पुढे कुणाला पाठवतात का? पाठवत असतील तर त्याच्या तळाशी तुमच्या नावाची एक ओळ टाका. हॉटमेलने १९९६ मध्ये प्रत्येक मेलखाली फुकट खात्याची ओळ टाकली होती, आणि तो प्रत्येक मेल त्यांची जाहिरात झाला.

शब्दखूण

मी पूर्णवेळ अनुवादक आहे, मुख्यतः कायदा आणि वैद्यकीय उपकरणं. धागा वाचताना पहिलाच प्रश्न मनात आला तो विचारते. फाइल तुमच्या सर्व्हरवर जाते का?

जात असेल तर मी ती चढवू शकत नाही. माझ्या जवळपास प्रत्येक कामावर गोपनीयतेचा करार असतो. आणि जुनी_खोड, माफ करा, पण अहवालाखाली तुमची ओळ आली तर तो अहवाल मी ग्राहकाला पाठवणारच नाही. कुठलं साधन वापरलं असे प्रश्न त्याने विचारलेले मला नको असतात.

बाकी कल्पना फार कामाची आहे. दोनशे पानांच्या करारात मी असे शब्द हाताने शोधते, आणि एखादा तरी सुटतोच.

अर्धविराम

शब्दखूण, तुमचा प्रतिसाद वाचून मी लॅपटॉप मिटून थोडा वेळ बसून राहिले. हो, फाइल सर्व्हरवर जाते. तपासणी झाली की लगेच पुसली जाते, पण जाते. मी स्वतः अनुवाद करायचे तेव्हा साध्या जाहिराती आणि माहितीपत्रकं केली, गोपनीय असं काही नव्हतं, म्हणून हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तपासणीचा गाभा फार मोठा नाही. ब्राउझरमध्येच चालवता येईल, फाइल संगणकाबाहेर न जाता. दोनतीन आठवड्यांचं काम आहे. लाँच पुढे ढकलते.

दुसरी_फेरी

लाँच ढकलू नका. तुमचं लाँच काल झालं, शब्दखूण यांच्या प्रतिसादाने. हे मी धीर द्यायला म्हणत नाहीये. लाँच ही एकदाच वाजवायची घंटा आहे असं समजून आपण आठ महिने दार लावून बसतो. दार थोडं किलकिलं करायचं, एकाला आत घ्यायचं, तो कुठे अडखळतो ते बघायचं, दुरुस्त करायचं आणि मग दुसऱ्याला बोलवायचं. मी माझं उत्पादन वर्षभरात सहा वेळा लाँच केलं, दर वेळी वेगळ्या लोकांपुढे. कुणालाही आधीच्या पाच वेळा आठवत नव्हत्या. आपल्याला वाटतं जग बघतंय. जगाचं लक्ष नसतं, आणि सुरुवातीला ती मोठी सवलत आहे.

वर्डल हा शब्दखेळ बघा. जॉश वॉर्डल यांनी तो आपल्या जोडीदारासाठी केला होता. १ नोव्हेंबर २०२१ ला तो खेळणारे होते ९०. दोन महिन्यांनी ३ लाखांवर. मधल्या काळात झालेला मोठा बदल म्हणजे रंगीत चौकोनांचा निकाल कॉपी करून इतरांना दाखवायची सोय. तीही मूळची त्यांची नव्हे. खेळणारे लोक हाताने चौकोन टाइप करून निकाल कळवत होते, ते बघून त्यांनी बटण दिलं. सगळं बंद खोलीत तयार करून आणलं असतं तर ते बटण सुचलंच नसतं.

शून्यापासून

मला वाटतं लोक इथे फारच सावध बोलतायत. काहीतरी लक्षवेधी करायला हवं. घरं भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीच्या संस्थापकांनी २००८ च्या अमेरिकन निवडणुकीत उमेदवारांच्या नावाने न्याहारीच्या सीरियलची खोकी काढली, ४० डॉलरला एक, आणि बातम्यांत झळकले. सर्जनशील म्हणतात ते हे. अनुवादकांना हसवेल असं काहीतरी करा, चुकीच्या भाषांतरांचं संग्रहालय वगैरे.

रात्रपाळी

त्या खोक्यांनी त्यांना तीसेक हजार डॉलर मिळाले आणि तग धरता आला, हे खरं. पण घरं भाड्याने देणारे यजमान त्यातून मिळाले नाहीत. ते त्यांनी न्यूयॉर्कला जाऊन एकेकाला भेटून, त्यांच्या घरांचे चांगले फोटो काढून मिळवले. खोकी लक्षात राहिली कारण गोष्ट रंगतदार आहे.

ऑनलाइन पैसे स्वीकारायची सोय देणाऱ्या स्ट्राइपचंही तसंच. कोणी म्हणालं की बघतो तुमचं वापरून, तर तिचे संस्थापक कॉलिसन बंधू दुवा पाठवून थांबत नसत. द्या लॅपटॉप, म्हणत आणि तिथल्या तिथे बसवून देत. ऐकायला साधं आहे, पण करताना फार संकोच वाटतो. मला पहिल्या चार वेळा घाम फुटला होता.

दुसरी_फेरी

संग्रहालयाच्या कल्पनेत एक धोका आहे. अनुवादक ज्या चुकांना घाबरतात त्याच तुम्ही चव्हाट्यावर मांडणार. हसतील, पण जवळ येणार नाहीत.

त्यापेक्षा जे दाखवायचं ते खऱ्या मजकुरावर दाखवा. अनुवादकांचं एक बरं आहे, समांतर मजकूर जाहीरपणे उपलब्ध आहे. युरोपीय संघाचे कायदे २४ अधिकृत भाषांत युर-लेक्स या त्यांच्या साइटवर आहेत आणि स्रोत सांगून पुन्हा वापरता येतात. त्यांचा पारिभाषिक कोश, आयएटीई, सगळ्यांना खुला आहे आणि उतरवूनही घेता येतो. एक नियम घ्या, त्याचं भाषांतर घ्या, कोशातून सूची घ्या, आणि हे तिन्ही आधीच भरलेलं एक पान करा. साइनअप नाही, ईमेल मागायचं नाही. माणूस आला, बटण दाबलं, निसटलेले शब्द पिवळे झाले. पाच-सहा शब्द तुम्ही स्वतःच बदलून ठेवा आणि तसं पानावर स्पष्ट लिहा, म्हणजे कोणाच्या कामाला बोट लावल्यासारखं होणार नाही.

एक पथ्य सांगून ठेवते. हॅकर न्यूज या तंत्रज्ञांच्या चर्चा-साइटवर 'शो एचएन' (स्वतः केलेलं दाखवायचा धागा) म्हणून टाकायचं झालं तर तिथला नियमच आहे की लोकांना वापरून बघता येईल असं काही हवं, नुसतं साइनअपचं पान चालत नाही. मतं द्या म्हणून मित्रांना सांगणंही तिथे निषिद्ध आहे. हे पान तयार असलं की तो दरवाजाही उघडा राहतो.

मोकळी_चौकट

मी पैशाकडे येते, कारण त्यावर कोणी बोललेलं नाही.

समाजमाध्यमांवरच्या पोस्ट वेळ ठरवून टाकणारं बफर सुरू झालं तेव्हा त्याचे संस्थापक जोएल गॅस्कॉइन यांनी आधी दोनच पानं केली होती. पहिल्यावर कल्पना आणि 'योजना व दर' असं बटण. दाबलं की, अजून तयार नाही, ईमेल देऊन ठेवा. लोक ईमेल देतात म्हटल्यावर त्यांनी मधे तिसरं पान घातलं, दरांचं. आता कोणी सशुल्क योजनेवर टिचकी मारतंय का, ते दिसू लागलं. मग सात आठवड्यांत सॉफ्टवेअर लिहिलं, ३० नोव्हेंबर २०१० ला खुलं केलं आणि चारेक दिवसांत पहिलं पैसे देणारं गिऱ्हाईक आलं.

तुमचं सॉफ्टवेअर तयार आहे, तरी दराचं पान पहिल्या दिवसापासून ठेवा. मी माझं पहिलं उत्पादन 'सध्या मोफत' म्हणून सहा महिने चालवलं. लोक गोड बोलायचे. दर लावला त्या आठवड्यात सगळे गप्प झाले. सहा महिने मी ज्यांचं ऐकून फीचर बनवत होते त्यांना ते विकत घ्यायचंच नव्हतं. तो आठवडा फार वाईट गेला. फुकट वापरणारा आणि पैसे देणारा वेगवेगळ्या गोष्टी मागतो, हे मी तेव्हा शिकले.

पहिल्या वीस जणांना सवलत जरूर द्या, पण ती कशाची सवलत आहे ते कळावं म्हणून पूर्ण दर शेजारी लिहा.

जुनी_खोड

आणि 'एकदाच भरा, आयुष्यभर वापरा' या योजनांच्या मोहात पडू नका. एकदम रक्कम येते, बरं वाटतं. पण तुम्ही एकट्या आहात आणि मदतीचे मेल आयुष्यभर येत राहणार आहेत.

शून्यापासून

यावर असहमत. माझ्या उत्पादनाला पहिल्या वर्षी अशाच योजनेने तारलं. सर्व्हरचा खर्च निघाला आणि दोनशे लोक वापरायला लागले. नंतर योजना बंद केली. मर्यादा घालून दिली, ठरावीक संख्या आणि ठरावीक आवृत्ती, तर चालतं. तुमची तपासणी ब्राउझरमध्येच होणार असेल तर सर्व्हरचा भारही नाही.

जुनी_खोड

ठरावीक आवृत्तीपुरतं असेल तर मान्य. पूर्वी पेटीतलं सॉफ्टवेअर असंच विकलं जायचं.

मोकळी_चौकट

जाता जाता तांत्रिक गोष्टी, ऐनवेळी अडवतात म्हणून.

पैसे स्वीकारणाऱ्या सेवेचं खातं आजच उघडा. पडताळणीला दिवस लागतात, कधी कागद परत मागतात. परदेशी ग्राहक असतील तर कराचा प्रश्न येतो. उदाहरणार्थ, युरोपीय संघात डिजिटल सेवेवरचा कर २०१५ पासून ग्राहक कुठे आहे त्यावर ठरतो. हे एकटीने निस्तरण्यापेक्षा विक्रेता म्हणून स्वतः उभी राहून कर भरणारी सेवा घ्या. टक्का जास्त घेतात, पण झोप लागते.

आणि मेल. नव्या डोमेनवरून एका दिवसात चारशे मेल पाठवाल तर सगळे स्पॅममध्ये. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या नोंदी (मेल खरंच तुमच्याच डोमेनवरून आलाय हे पटवणाऱ्या) आधी लावून घ्या. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल याबाबत जास्त कडक झालंय. माझ्या पहिल्या लाँचचा मेल अर्ध्या यादीला पोचलाच नाही, आणि तो न पोचल्याचं मला महिन्याने कळलं.

शब्दखूण

अनुवादक कुठे असतात ते मी सांगते. प्रोझ या अनुवादकांच्या साइटवर चर्चा चालतात, पण तिथे स्वतःची जाहिरात केलेली खपत नाही, नियम वाचून जा. अनुवादक संघटनांची वार्तापत्रं असतात आणि त्यांना लेख हवेच असतात. ट्रॅडॉस आणि मेमोक्यू ही अनुवादाची सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचे गट आहेत. तसलंच ओमेगाटी मुक्त आहे आणि त्यात स्क्रिप्ट जोडता येते. मी रोज ज्या खिडकीत काम करते त्याच खिडकीत तुमची तपासणी आली तर मी वापरेन. वेगळी साइट उघडून तिथे फाइल टाकायला मात्र दहा वेळा विसरेन.

३० सप्टेंबर हा आंतरराष्ट्रीय अनुवाद दिन असतो. त्या दिवशी लाँच करू नका. सगळेच त्या दिवशी सवलतीचे मेल पाठवतात, मी न वाचता पुसते. आठवडाभर आधी एक उपयोगी लेख आला तर वाचेन.

रात्रपाळी

हा प्रतिसाद छापून टेबलासमोर लावा, अर्धविराम. लेखाचं म्हणाल तर बफरच्याच लिओ विड्रिच यांनी सुरुवातीच्या नऊ महिन्यांत इतरांच्या ब्लॉगांवर दीडशेच्या आसपास लेख लिहिले होते. एकेका लेखातून थोडेथोडकेच लोक यायचे. एकटा माणूस सुरुवातीला हे करू शकतो, त्याला पैसे लागत नाहीत. उलट जाहिरातींचं सांगायचं तर ड्रॉपबॉक्सने गूगलवर जाहिराती करून बघितल्या होत्या. ९९ डॉलरच्या उत्पादनाला एक गिऱ्हाईक २३३ ते ३८८ डॉलरना पडत होतं. त्यांना फळला तो डिग ही बातम्यांची साइट वाचणाऱ्यांना कळतील असे बारीक विनोद पेरलेला डेमो व्हिडिओ. मार्च २००८ मध्ये प्रतीक्षायादी एका दिवसात ५ हजारांवरून ७५ हजारांवर गेली. तो व्हिडिओ सगळ्या जगासाठी नव्हता, एका गल्लीसाठी होता.

अर्धविराम

सहा आठवड्यांनी परत आलेय. ज्यांनी वेळ काढून लिहिलं त्यांना काय झालं ते सांगणं माझं कर्तव्य आहे.

तपासणी आता पूर्णपणे ब्राउझरमध्ये होते. पानावर सगळ्यात वर तेच लिहिलंय, आणि खाली एक ओळ: इंटरनेट बंद करून बघा, तरी चालेल. हे वाक्य वाचून तिघांनी खरंच वायफाय बंद करून बघितलं, तसं त्यांनी मला कळवलं.

युर-लेक्सचा नमुना लावला. मग शब्दखूण यांनी तीन सहकाऱ्यांशी गाठ घालून दिली. प्रत्येकीबरोबर तासभर, त्यांची स्क्रीन त्या मला दाखवतायत आणि मी गप्प. गप्प बसणं फार जड गेलं. पहिलीने आपली शब्दसूची उघडली. बारा वर्षांची, एक्सेलमध्ये. पहिल्या तीन ओळींत शीर्षकं, मधेच रंगीत पट्ट्या, काही चौकटी मर्ज केलेल्या. एका रकान्यात 'करार / करारनामा', कुठे 'करार (करारनामा नको!)' असं लाल अक्षरांत. माझ्या सॉफ्टवेअरला दोन स्वच्छ रकाने लागायचे. त्याने तिला ४१२ चुका दाखवल्या, ज्यांतल्या चारशे तरी चुका नव्हत्याच. 'करारनाम्यात' दिसलं की 'करारनामा' सापडला नाही म्हणून ओरडत होतं, कारण सामान्यरूपाची सोय मी अर्धवटच केली होती. ती काही बोलली नाही. हळूच माउस बाजूला नेला आणि हाताने यादी खाली-खाली सरकवत राहिली. मला ते बघवेना. पण ४०६ व्या ओळीवर ती थांबली आणि म्हणाली, अगं, हा खरा आहे, हा मी मागच्या आठवड्यात पाठवून दिला.

त्या एका शब्दामुळे ती पुढच्या आठवड्यात परत आली. तोवर तिरकी रेघ, कंस आणि मर्ज केलेल्या चौकटी वाचता येऊ लागल्या होत्या. तिच्याच फाइलवर ४१२ च्या १९ झाल्या. तिने पैसे भरले. मोकळी_चौकट, दराचं पान होतं म्हणूनच ती भरू शकली.

तिच्या सूचीवरून आणखी एक सुचलं. सूची साफ करणारं एक वेगळं छोटं पान केलं, कायम मोफत: गबाळी एक्सेल द्या, स्वच्छ दोन रकाने घ्या, हवं तर टीबीएक्समध्ये (शब्दसूचींचा प्रमाण फाइल-प्रकार). मोफत फोटोंची साइट अनस्प्लॅशही सुरुवातीला, २०१३ मध्ये, दुसऱ्याच एका कंपनीचा दर दहा दिवसांनी दहा फोटो मोफत देणारा साधा ब्लॉग होता आणि त्यातून त्या कंपनीकडे लोक वळायचे, हे वाचलेलं आठवलं. माझ्या मुख्य पानापेक्षा या पानावर जास्त लोक येतात. एका संघटनेच्या वार्तापत्राने त्यावर लेख मागितला, तो लिहून दिला. सूची कशी ठेवावी यावरच लिहिलाय, माझ्या सॉफ्टवेअरचं नाव शेवटच्या परिच्छेदात एकदाच आहे.

आज पैसे देणारे चौदा जण आहेत. प्रॉडक्ट हंटवर अजून टाकलेलं नाही. त्यांचा दिवस पॅसिफिक वेळेनुसार मध्यरात्री सुरू होतो, तेव्हा मी कामावर असते, आणि सध्या मला तिथल्या कोणाची गरजही वाटत नाही.

दुसरी_फेरी

४१२ च्या १९. हाच आकडा लेखाचं शीर्षक करा, पुढच्या वार्तापत्रात. आधीची आणि नंतरची स्क्रीन शेजारी-शेजारी, तिची परवानगी घेऊन आणि मजकूर बदलून.

अर्धविराम

परवानगी विचारली होती. मजकूर बदलला तर चालेल म्हणाली.

ओमेगाटीची स्क्रिप्ट गुरुवारी टाकतेय. शब्दखूण, तुमच्या कायद्याच्या सूचीवर आधी चालवून बघाल का?

शब्दखूण

बघते. पण आधीच सांगून ठेवते, माझ्या सूचीत एकाच रकान्यात दोन भाषा आहेत, मधे स्वल्पविराम.

अर्धविराम

मग शुक्रवारी टाकते.